निलगिरीचा खोडवा कुणाच्या नावावर?

निलगिरी पाणी किती पिते, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. पण आंजर्ल्यासारख्या गावातल्या पडीक वरकस जमिनीवर 'एकदा लावा, तीनदा तोडा' असा सल्ला कुणी देतो, तेव्हा आपल्या पोरांनी आधी दुसराच प्रश्न विचारावा: दुसरी आणि तिसरी तोड कुणाची?

उसाला जसा खोडवा, तसाच निलगिरीलाही. चार-पाच वर्षांचं कोवळं झाड जमिनीपासून वीतभर उंचीवर, साल न फाटू देता तिरकं कापलं की खुंटाला फुटवे येतात. त्यातले एक-दोन जोमदार राखायचे, बाकीचे काढायचे. मुळं आधीचीच, म्हणून वाढ झपाट्याने. (किनाऱ्यावरच्या सुरूला हे सहसा जमत नाही; तो कापला की नवं रोप लावावं लागतं.) रोपांचा खर्च नाही, खड्डे नाहीत. मालकाचा हा फायदा म्हणजेच मजुराचा बुडालेला रोज. नाचणीला दरवर्षी माणसं लागतात, निलगिरीला तोडीपुरतीच. 1983 साली कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात गावकऱ्यांनी निलगिरीची रोपं उपटून चिंच-आंब्याच्या बिया लावल्या, त्या उगाच नाही.

आता जमिनीचं बघू. कसणारा एक आणि पीक नेणारा दुसरा, या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी विधेयक मांडलं. पुढे 1958 च्या कायद्याने महारवतन गेलं. ज्यांना ती जमीन परत मिळाली त्यांना ती नव्या शर्तीवर मिळाली. आज अशा तुकड्यांच्या सातबाऱ्यावर नावं ढीगभर, आणि निम्मी माणसं मुंबईत. 'पडीकच आहे, द्या आम्हाला' म्हणणाऱ्याला हीच जमीन सोपी वाटते.

तीन तोडी म्हणजे बारा-पंधरा वर्षं. करारात पहिल्याच तोडीचा दर लिहिला असेल तर पुढच्या दोन फुकट गेल्या समजा. शेवटी उरलेले खुंट उपटायचा खर्च कुणाचा, तेही लिहून घ्या. शिवाय नव्या शर्तीच्या जमिनीच्या हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. भाडेपट्ट्याआधी ते तपासाच.

स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या हिशेबाने कुणी निलगिरी लावली तर माझा विरोध नाही. मात्र ऐन-किंजळही फुटतात, आणि त्यांची कवळ राबाला चालते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. गायरानावर निलगिरी नकोच. तिथे शेळी चरते, आणि निलगिरीच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही.

पुढच्या ग्रामसभेआधी तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफाराच्या नकला काढून ठेवा. मुंबईतल्या भावकीलाही फोन करा. सह्या त्यांच्याकडेच मागायला जातात.