कारणांचा माग

पेढीच्या हिशेबात तूट आली की अनुभवी व्यापारी शेवटच्या नोंदीवर थांबत नाही. रोजमेळाची पाने मागे उलटीत तो चूक जेथे सुरू झाली तेथवर जातो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही कार्यकारणभाव याच रीतीने शिकवता येतो. त्यासाठी सत्य साहसकथा हे उत्तम साधन होय.

कॅप्टन स्कॉट यांची दक्षिण ध्रुवाची मोहीम घ्यावी. 17 जानेवारी 1912 रोजी हा ब्रिटिश अधिकारी चार सहकाऱ्यांसह ध्रुवावर पोहोचला. नॉर्वेचे आमुंडसेन 14 डिसेंबर 1911 रोजीच तेथे पोहोचले होते. परतीच्या वाटेवर स्कॉट यांच्यासह पाचही जण मृत्यू पावले. अखेरचा तंबू अन्न-इंधनाच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या 20 किलोमीटरांवर होता. तेथे सापडलेली स्कॉट यांची रोजनिशी 1913 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

मृत्यूचे कारण विचारताच विद्यार्थी म्हणतो, ‘हिमवादळ.’ ते केवळ शेवटचे निमित्त. वादळाआधीच इंधन अपुरे का पडले? डब्यांच्या झाकणांतून रॉकेल उडून गेले होते. साठा दूर का राहिला? तो 80 अक्षांशावर ठेवायचा होता. पण फेब्रुवारी 1911 मध्ये सामान वाहणारी तट्टे थकली. त्यांना मारून पुढे जावे, हा सहकारी ओट्स यांचा सल्ला स्कॉट यांनी मानला नाही आणि साठा सुमारे 55 किलोमीटर अलीकडेच ठेवला.

येथे जैन घरातील मूल अडखळते : म्हणजे दयेनेच घात केला काय? हा प्रश्न टाळू नये. आणखी एक पान मागे उलटावे. बर्फात खचणारी तट्टे त्या प्रदेशात नेलीच का? दया उशिरा आली. हिंसा मूळ योजनेतच होती. मोहिमेची उरलेली तट्टे डिसेंबर 1911 मध्ये गोळ्या घालून मारण्यात आली.

आमुंडसेन यांनीही आपली अनेक कुत्री मारली आणि ते यशस्वी झाले, हेही मुलापासून लपवू नये. यश कशाने मिळाले हा एक प्रश्न. ते साधन योग्य होते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

घरी आठवड्याला एक प्रकरण पुरे. मुलाने वहीत डावीकडे घटना, उजवीकडे कारण लिहावे आणि प्रत्येक कारणापुढे विचारावे, ‘हे नसते तर?’ उत्तराने घटना बदलत नसेल, तर ती नोंद खोडावी. ही सवय जडलेला मुलगा वा मुलगी उद्या पेढीवर बसेल, तेव्हा तोट्याचा दोष केवळ बाजाराला देणार नाही.