सहाव्या वर्षी कोरी पाटी

शाळापूर्व तयारी मेळावा ही आपल्या शिक्षण खात्याची मला मनापासून आवडलेली गोष्ट. ‘पहिले पाऊल’ या नावाने २०२२ पासून जिल्हा परिषदेच्या शाळांत तो भरतो. पहिलीत येणारं पोर एकेका टेबलापाशी जाऊन उड्या मारतं, वस्तूंची जुळणी करतं, चित्र पाहून गोष्ट सांगतं. कुठे अडतं ते विकासपत्रावर लिहून आईच्या हाती दिलं जातं. मग सुट्टीत वस्तीतल्या आया गट करून सराव घेतात आणि जूनमध्ये पुन्हा मेळावा. डाळ-तांदूळ वेगळे करायला लावणं, ताटातल्या भाकऱ्या मोजून घेणं, यासाठी आई शिकलेली असावी लागत नाही.

पण हे पोर आदल्या महिन्यापर्यंत होतं कुठे? अंगणवाडीत. तिथे ते महिला व बालविकास विभागाचं. त्याची तपासणी आरोग्य विभागाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यावं, असा नियम आहे. आदिवासी पाड्यावर अमृत आहार योजनेतल्या अंड्याचा पैसा आदिवासी विकास विभागाचा. शासन निर्णयात याला समन्वय म्हणतात. पाड्यावर त्या समन्वयाला नाव-गाव असतं आणि त्याला सगळे ‘अंगणवाडीच्या ताई’ म्हणतात. चार खात्यांचं काम, आणि हाती पडतं ते मानधन. पगार म्हणायचीही सोय नाही.

या ताईंना काय काय माहीत असतं! कोण तीव्र कुपोषणातून (सॅम) मध्यम कुपोषणात (मॅम) आलं, कोण उशिरा बोलायला लागलं, कुणाला मागून हाक मारली तर ऐकू येत नाही. वजन-उंची दर महिन्याला पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर चढतेच. आणि पहिलीच्या बाईंकडे यातलं किती पोचतं? शिक्षण हक्काच्या नियमांत अंगणवाडीची नोंद वयाचा पुरावा म्हणून चालते. म्हणजे जन्मतारखेपुरता त्या वहीवर विश्वास आहे. बाकीची पानं कुणी मागत नाही. कमी ऐकू येणारं मूल मग पहिलीत ‘लक्ष देत नाही’ या सदरात जाऊन बसतं.

ही तुटातूट अटळ नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्रच होती. अंगणवाड्या आणणारी एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे कितीतरी नंतर. कोसबाडला खाती नव्हती, हा त्यांचा मोठाच फायदा म्हणायचा.

खाती आता एक होणार नाहीत, तो आग्रहही नाही. जूनच्या मेळाव्यात पहिलीच्या बाईंशेजारी अंगणवाडीच्या ताईंना एक खुर्ची द्यावी, प्रत्येक पोराबद्दल दोघींनी दहा मिनिटं बोलावं आणि त्या दिवसाचे ताईंना वेगळे पैसे मिळावेत. फक्त यासाठी कुणी नवीन अ‍ॅप काढू नये.