घरचा जनरेटर : इंजिनाला पाणी, माणसाला सुरक्षा



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले. रायगडच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. अशा वेळी पाणीपंपाचे जुने डिझेल इंजिन पट्ट्याने अल्टरनेटरला जोडून घरीच जनरेटर उभा करणारे हुशार हात आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली पाण्याची. जळालेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच कामी येते. जवळजवळ तेवढीच इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरते, बाकीची धुरातून जाते. पाच हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण लोडवर २०० लिटरचे पिंप दोन-तीन तासांत चांगलेच तापवते. पिंप इंजिनापेक्षा उंच ठेवावे. इंजिनाच्या वरच्या तोंडातून निघालेला पाइप पिंपाच्या वरच्या भागात न्यावा आणि पिंपाच्या तळातून दुसरा पाइप इंजिनाच्या खालच्या तोंडाला द्यावा. गरम पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खाली येते. वेगळा पंप लागत नाही. मात्र वरचा पाइप सतत चढता असावा आणि त्याचे तोंड पाण्यात बुडालेले असावे. हवा अडकली की पाणी फिरणे थांबते. रेवदंड्यासारख्या खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी वापरू नये, आत गंज व खार धरतो. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, ब्लॉक तडकतो.

दुसरी वायरिंगची. दोन्ही टोकांना पिनटॉप लावलेली वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसून घर उजळवणे हा जीवघेणा प्रकार आहे. ती वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचे हजारो व्होल्ट होतात, आणि वादळानंतर खांबावर चढलेला वायरमन मरतो. तोही कुणाच्या घरचा कर्ता माणूस असतो! म्हणून फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच. तीन केव्हीएचा अल्टरनेटर २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर देतो. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी आणि पक्के अर्थिंग घ्यावे. खाऱ्या हवेने जोड गंजतात, ते दर पावसाळ्याआधी साफ करावेत. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

जनरेटर पडवीत किंवा बंद खोलीत चालवू नये. धुरातील विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

इंजिन बिघडले तर दुसरे मिळेल. गेलेला माणूस परत येत नाही. स्विचचे चार पैसे वाचवू नका.