मुसाशीचे खोटे वारस

जपानी तलवारबाजीविषयी मराठी वाचकाच्या मनात जे चित्र आहे, ते बहुतांशी एका कादंबरीने आणि तिच्यावरून निघालेल्या चित्रपटांनी रंगवलेले आहे. एइजी योशिकावा यांची मियामोतो मुसाशीवरील कादंबरी १९३५ ते १९३९ या काळात जपानमधील 'असाही' या वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. हिरोशी इनागाकी यांनी १९५४ ते १९५६ मध्ये तिच्यावर तीन चित्रपट काढले, आणि १९८१ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर आले. एक एकाकी तरुण गावोगाव हिंडतो, नामांकित दोजोच्या दाराशी उभा राहतो, तिथल्या श्रेष्ठांना धूळ चारतो आणि पुढच्या गावाची वाट धरतो. हे चित्र मोहक आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु आजचा केंडोचा अभ्यासक प्रवासात परक्या दोजोत सरावाला जातो, त्या प्रथेचा अर्थही जेव्हा याच चित्रावरून लावला जातो, तेव्हा त्याला स्पष्ट हरकत घेणे आम्ही आवश्यक समजतो.

या प्रथेचे जपानी नाव 'देगेइको'. त्यातील 'दे' म्हणजे बाहेर जाणे आणि 'केइको' म्हणजे सराव. 'केइको' या शब्दाची दोन चित्राक्षरे सुटी करून पाहिली, तर 'जुन्याचा विचार करणे' असा अर्थ निघतो. सुमोचे मल्ल दुसऱ्या आखाड्यात कुस्तीचा सराव करायला जातात, त्यालाही हाच शब्द आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : देगेइको ही आपली विद्या परक्यांपुढे तपासून घेण्याची रीत आहे. तिला स्वारी समजणारे आणि तिला सहल समजणारे, दोघेही तिचा सारखाच अपमान करतात.

प्रथम स्वारीवाल्यांचा समाचार घेऊ. ते ज्या मुसाशीचा दाखला देतात, त्याचे स्वतःचे लेखन त्यांनी वाचलेले दिसत नाही. १६४३ ते १६४५ या काळात लिहिलेल्या 'गोरिन् नो शो' या ग्रंथाच्या आरंभी मुसाशी सांगतो, की तेराव्या वर्षापासून एकोणतिशीपर्यंत आपण साठांहून अधिक द्वंद्वे खेळलो आणि एकदाही हरलो नाही. हे वाक्य सर्वांना पाठ असते. त्याच्या पुढचे मात्र कोणी सांगत नाही. तिशी ओलांडल्यावर मागे वळून पाहता त्याच्या लक्षात आले, की हे विजय विद्येच्या परिपूर्तीमुळे मिळालेले नव्हते. उपजत कौशल्य असेल, दैवाची साथ असेल किंवा प्रतिपक्षाची विद्याच उणी असेल. खरा अभ्यास त्यानंतर सुरू झाला, असे तो म्हणतो. म्हणजे ज्या भटकंतीचे आपण पोवाडे गातो, तिला खुद्द भटकणाऱ्यानेच अपुरी ठरवले आहे.

दुसरी गोष्ट काळाची. मुसाशीच्या हाती खरी अथवा लाकडी तलवार होती, आणि हरणाऱ्याला त्या भेटीतून काही शिकायची संधी क्वचितच उरे. पुढे इडो काळात अनेक परंपरांनी शिष्यांकडून शपथपत्रे लिहून घेतली, की परवानगीवाचून अन्य परंपरेच्या लोकांशी हात करणार नाही. हे निर्बंध सैल होण्यास कारण झाले ते एक साधे वाटणारे साधन : बांबूच्या चार फाकांची 'शिनाई' आणि तिचा मार झेलणारे 'बोगू' हे चिलखत. अठराव्या शतकात जिकिशिन्कागे परंपरेतील नागानुमा आणि इत्तो परंपरेतील नाकानिशी यांनी या साधनांना आकार दिला, आणि परक्याशी मनापासून, पूर्ण बळानिशी भिडूनही संध्याकाळी दोघांनी एकत्र जेवावे, ही गोष्ट शक्य झाली.

ती घडलीही. क्यूशू बेटावरील सागा संस्थानचा मुता बुन्नोसुके हा तरुण १८५३ ते १८५५ अशी दोन वर्षे संस्थानांमागून संस्थाने हिंडला, आणि त्याने रोजनिशी ठेवली. कादंबरीच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला ती निराश करील. तिच्यात सूडाने पेटलेले शिष्य नाहीत, रक्त नाही. आहे तो इतरांबरोबरचा सराव, त्यानंतरचे मद्यपान, गप्पा, स्थळदर्शन आणि निरोपाच्या वेळची हुरहुर. अशा प्रवासी अभ्यासकांसाठी ठरलेल्या धर्मशाळा असत आणि त्यांचा भार पुष्कळदा यजमान संस्थान उचलत असे. ज्यांच्याशी सराव झाला त्यांची नावे प्रवासी एका वहीत नोंदवून घेई. आजच्या केंडोतील पाहुण्याला पूर्वज शोधायचाच असेल, तर तो हा मुता आहे. दुर्दैवाने त्याच्यावर कोणी क्रमशः कादंबरी लिहिली नाही.

पाहुणा यजमानाला काय देतो, याचेही उत्तर इतिहासात आहे. १८३० च्या दशकात यानागावा संस्थानचा ओइशी सुसुमू पाच शाकूंहून लांब, म्हणजे सुमारे दीड मीटरची शिनाई घेऊन इडोत आला आणि आपल्या थेट भोसकणाऱ्या प्रहाराने त्याने राजधानीतील भल्याभल्यांना हैराण केले. इडोला त्याच्यामुळे आपल्या पद्धतीकडे नव्याने पाहावे लागले. लांब शिनाईचे पेव फुटले आणि अखेर १८५६ मध्ये स्थापन झालेल्या 'कोबुशो' या शोगुनशाहीच्या शस्त्रशाळेने शिनाईची कमाल लांबी तीन शाकू आठ सून, म्हणजे साधारण ११५ सेंटिमीटर ठरवून दिली. आजच्या दोजोत शिनाईच्या लांबीचा जो नियम आहे, त्याच्या मुळाशी असे एका पाहुण्याचे येणे आहे. पुढे १९१२ मध्ये निरनिराळ्या परंपरांच्या आचार्यांनी एकत्र बसून सात लांब तलवारीचे आणि तीन आखूड तलवारीचे असे दहा 'काता' सिद्ध केले. परंपरा एकमेकींच्या अंगणात गेल्या नसत्या, तर केंडो नावाची एक विद्या उभीच राहिली नसती.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : गुरू एक असावा, दारोदार हिंडणाऱ्याची निष्ठा पातळ होते. गंडाबंधनाच्या संस्कारात वाढलेल्या मराठी मनाला हा आक्षेप चटकन पटतो. मात्र त्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. भास्करबुवा बखल्यांनी फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे विद्या घेतली. ते शिष्यत्व होते. देगेइकोत शिष्यत्व बदलत नाही. निघण्यापूर्वी स्वतःच्या गुरूला विचारायचे, शक्य तर त्याच्याकडून परिचय घ्यायचा, अशी रीत आहे. आणि पाहुण्याच्या कमरेखालच्या 'तारे' या संरक्षक पट्ट्यावर त्याच्या नावासोबत त्याच्या दोजोचे वा संस्थेचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले असते. तो उद्धट वागला तर ती बेअदबी त्याच्या घराच्या नावावर जमा होते. निष्ठेची याहून उघड कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

उलट, घरातच राहणाऱ्याच्या निष्ठेविषयी आम्ही साशंक आहोत. एकाच दोजोत वर्षानुवर्षे त्याच दहाबारा जणांशी सराव केला, की कोण कधी पुढे येतो, कोणाचे मनगट आधी उघडे पडते, हे अंगवळणी पडते. मग आपला प्रहार लागतो तो विद्येमुळे की ओळखीमुळे, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. ज्येष्ठांना कनिष्ठ मान देतात, आणि तो मान हळूहळू कौशल्य म्हणून खात्यावर लिहिला जातो. परक्या दोजोत हे सारे उधार भांडवल दाराशी गळून पडते. केंडोच्या श्रेणीपरीक्षेतही उमेदवाराला सामान्यतः अनोळखी जोडीदारापुढे उभे करतात. आठव्या दानच्या परीक्षेस वयाची ४६ वर्षे पूर्ण झाल्यावाचून बसता येत नाही, आणि उत्तीर्ण होणारे शंभरात एखादाच. तिथे 'आमच्या दोजोत मला सगळे मानतात' हे सांगून भागत नाही.

आता सहलवाल्यांकडे वळू. त्यांचा उपद्रव अलीकडचा असला तरी कमी नाही. एक प्रकार तासाभराच्या 'सामुराई अनुभवा'चा : भाड्याची वस्त्रे, हाती तलवार, छायाचित्र आणि प्रमाणपत्र. तलवारबाजीचे प्रदर्शन ही गोष्ट मुळात त्याज्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. साकाकिबारा केन्किची यांनी १८७३ मध्ये तिकीट लावून खेळ मांडले ते पोटाला मुकलेल्या सामुराईंसाठी, आणि त्या खेळांनी पडत्या काळात ही विद्या जगवली. परंतु तिथे प्रेक्षक स्वतःला प्रेक्षकच समजत होता. दुसरा प्रकार अधिक दुःखद, कारण तो खऱ्या अभ्यासकांचा आहे. एका आठवड्यात पाच दोजो, प्रत्येक ठिकाणी समूहचित्र, आणि परत आल्यावर अमुक इतक्या आठव्या दानच्या आचार्यांशी 'खेळलो' अशी मोजदाद. मुताच्या वहीतही नावेच होती, असे कोणी म्हणेल. पण ती त्याच्या दौऱ्याचा हिशेब होती. ही दुकानाच्या काचेत मांडायची आहेत.

अशांना यजमानाच्या श्रमाची कल्पना नसते. सरावात ज्येष्ठ आचार्य 'मोतोदाची' म्हणून वरच्या बाजूस उभे राहतात आणि समोरच्या रांगेतून येणाऱ्या एकेकाला घेतात. सत्तरी ओलांडलेला माणूस परक्या तरुणासाठी आपले मस्तक आणि मनगट पुढे करतो, त्याची धाव अंगावर घेतो, योग्य क्षणी त्याला अडवतो. हे देणे आहे. त्या आचार्यावर एखादा प्रहार 'बसवल्या'चा आनंद घेऊन परतणाऱ्याला आपल्यासाठी दार उघडे सोडले होते हे कळलेच नाही. केंडोच्या स्पर्धेत गुण मिळाल्यावर जल्लोष केला तर तो गुण रद्द होऊ शकतो. देगेइकोत पंच नसतो, म्हणून ही रद्दी पाहुण्याने स्वतःच करायची असते.

चांगला पाहुणा ओळखायला फार वेळ लागत नाही. तो वेळेआधी येतो. फरशी पुसली जात असेल तर फडके हाती घेतो. दाराकडच्या खालच्या बाजूस बसतो आणि सांगतील तिथे सरकतो. शिनाईची फाक कुठे चिरलेली नाही ना, हे त्याने आधीच पाहिलेले असते, कारण तिची कपची शिरस्त्राणाच्या जाळीतून समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकते. 'आमच्याकडे असे करतात' हे वाक्य तो गिळून टाकतो. सराव संपल्यावर ज्यांच्याशी हात केले त्या प्रत्येक आचार्यापुढे गुडघे टेकून बसतो आणि मिळेल ते एखाददुसरे वाक्य घेऊन उठतो. या साऱ्याला कोणी नुसता शिष्टाचार म्हणेल. आमच्या मते शिकण्याचा अर्धा भाग इथेच होऊन जातो.

यजमानांनाही एक शब्द सुनावला पाहिजे. परिचय मागणे योग्य आहे. अनोळखी माणसाच्या हाती आपल्या मुलांची डोकी द्यायची असतात. परंतु परिचयाच्या नावाखाली दारच बंद ठेवणारे दोजो उच्च दर्जा राखत नसून तो तपासला जाण्याचे टाळत असतात. क्योतो येथे १८९९ मध्ये बांधलेल्या 'बुतोकुदेन' या सभागृहात दरवर्षी मे महिन्याच्या आरंभी ज्येष्ठांचा मेळावा भरतो. तिथे लढती होतात, पण कोणी एक विजेता काढला जात नाही. आणि त्या दिवसांतील सकाळच्या सरावात देशोदेशींचे लोक एकाच फरशीवर उतरतात. २०२० मध्ये साथीमुळे सुमो संघटनेने देगेइकोवर बंदी घातली आणि केंडोचा सरावही थांबला, तेव्हा परक्या शरीराची ही गरज किती मूलभूत आहे, हे पुष्कळांना उमगले.

तेव्हा जपानला निघालेल्या अभ्यासकाने बोगूच्या पिशवीत योशिकावांची कादंबरी खुशाल ठेवावी, विमानात वाचावी. दोजोच्या दारात मात्र ती पिशवीतच राहू द्यावी. तिथे त्याची वाट पाहणारा कोणी शत्रू नाही, आणि त्याचे कौतुक करायला जमलेला प्रेक्षकही नाही. एक रांग आहे. तिच्या शेवटी जाऊन त्याने उभे राहावे.