आकड्याचा भाव आणि कापसाचा भाव

यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी दोन भावांची चर्चा चाललेली असते. एक भाव कापसाचा आणि दुसरा आकड्याचा. वरली मटका किंवा सट्टापट्टी या नावाने ओळखला जाणारा जुगार कायद्याने बंद आहे. तरीही पट्टी कोणाकडे लावावी, जोडीला कोण किती देतो, जिंकलेले पैसे कोणाकडून वेळेवर मिळतात, ही माहिती शेतमजुरापासून वणीच्या खाणकामगारापर्यंत पुष्कळांना असते. अधूनमधून छापे पडतात, पट्टी लिहिणारे पकडले जातात, वृत्तपत्रांत चार ओळी येतात आणि व्यवहार पूर्ववत सुरू होतो. पुरोगामी कार्यकर्ता या प्रकाराकडे एक तर व्यसन म्हणून नाक मुरडून पाहतो, नाहीतर क्षुल्लक बाब म्हणून दुर्लक्ष करतो. या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. अधिक भाव देणारा पट्टीवाला शोधणारा मजूर मूर्ख नसतो. तो हिशेबच करीत असतो. त्याचा हिशेब कोठे येऊन थांबतो आणि तेथून पुढे तो कसा न्यावा, हा खरा राजकीय प्रश्न आहे.

या जुगाराचा जन्मच कापसाच्या भावातून झाला, ही गोष्ट कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याने तरी विसरता कामा नये. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणारे व बंद होणारे भाव टेलिप्रिंटरने मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि त्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैसे लावले जात. १९६१ साली न्यूयॉर्कहून ते भाव येणे थांबले. जुगार मात्र थांबला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडे काढण्याची नवी पद्धत रूढ केली. गिरणगावातील कामगार हा या धंद्याचा मोठा आधार होता. कापूस गेला, तरी 'ओपन' आणि 'क्लोज' हे बाजाराचे शब्द तेवढे मागे राहिले. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने पिकविलेल्या आणि मुंबईच्या मजुराने कातलेल्या कापसाच्या भावावर तिसऱ्यानेच आपली पेढी उभारली, असा हा इतिहास आहे.

आता या पेढीचे दरपत्रक तपासून पाहावे. सर्वसाधारणपणे एका आकड्याला रुपयामागे ९ रुपये मिळतात आणि जोडीला ९० रुपये मिळतात. आकडे दहा असतात व जोड्या शंभर असतात. म्हणजे सरळ व्यवहार असता तर हे भाव १० आणि १०० असायला हवे होते. दोन्ही ठिकाणी रुपयातील दहा पैसे मालक आधीच काढून घेतो. पत्तीचा हिशेब थोडा आडवळणाचा आहे. तीन आकडे एकमेकांशी संबंध न ठेवता निघतात असे धरले, तर एकूण १,००० प्रकार संभवतात. तिन्ही आकडे भिन्न असलेली एखादी पत्ती त्यांपैकी ६ प्रकारांनी येऊ शकते, दोन आकडे सारखे असलेली ३ प्रकारांनी आणि तिन्ही सारखे असलेली एकाच प्रकाराने. त्यांना १४०, २८० आणि ६०० असे भाव मिळत असतील, तर रुपयामागे सरासरीने परत येणारी रक्कम अनुक्रमे ८४, ८४ आणि ६० पैसे एवढीच होते. ज्या पट्टीवर बक्षिसाचा आकडा सर्वांत मोठा दिसतो, तीच पट्टी खेळणाऱ्याला सर्वाधिक लुबाडते. दररोज १०० रुपये याप्रमाणे वर्षातून ३०० दिवस लावणाऱ्याचा सरासरी तोटा आकड्यावर ३,००० रुपये होतो, तर तिन्ही सारख्या पत्तीवर १२,००० रुपये. हमीभावाने विकलेला सुमारे दीड क्विंटल कापूस त्यात जातो.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. भावांची तुलना करणारा खेळाडू तुलना न करणाऱ्यापेक्षा कमी हरतो. परंतु हा दहा टक्क्यांचा काटा घरून आणलेल्या पैशावर एकदाच बसत नाही. जिंकलेला पैसा पुन्हा लावला की तो पुन्हा बसतो. १०० रुपये सात वेळा फिरविले, तर सरासरीने त्यातील निम्मेही शिल्लक राहत नाहीत. त्यातही आकडा काढणारा हात मालकाचाच असतो. ज्या आकड्यावर सर्वांत कमी पैसा लागला आहे, तोच काढण्याचा मोह मालकाला होणार नाही, याची हमी देणारी कोणतीही यंत्रणा या धंद्यात नाही.

अनुकूल भावाच्या या शोधाचे सर्वांत शुद्ध रूप पाहायचे असेल, तर अमेरिकेतील व्हिडिओ पोकरच्या यंत्रांकडे पाहावे. १९७० च्या दशकात पुढे आलेल्या या यंत्रात खेळाडूला पडद्यावर पाच पत्ते मिळतात. नको असलेले पत्ते टाकून तो नवे घेतो आणि अखेरीस जमलेल्या पत्त्यांनुसार पैसे मिळतात. कोणत्या जमवणुकीला किती पैसे, याचे दरपत्रक यंत्रावरच झळकत असते. बावन्न पत्त्यांचा जोड सर्वांना ठाऊक असल्याने त्या दरपत्रकावरून परताव्याचा नेमका हिशेब मांडता येतो. 'जॅक्स ऑर बेटर' या खेळात 'फुल हाउस'ला नाण्यामागे ९ व 'फ्लश'ला ६ देणारे यंत्र पूर्ण नाणी लावून आणि एकही चूक न करता खेळल्यास सरासरीने ९९.५४ टक्के परत करते. शेजारीच ठेवलेले ८ व ५ देणारे, दिसायला हुबेहूब तसेच यंत्र ९७.३० टक्केच परत करते. दर डावाला १० रुपये आणि तासाला ६०० डाव असे धरले, तर पहिल्या यंत्रावर तासाला सुमारे २८ रुपये जातात व दुसऱ्यावर १६२. त्यामुळे गावोगाव हिंडून चांगल्या दरपत्रकाची यंत्रे हुडकणारा एक वर्गच तेथे निर्माण झाला.

या वर्गाच्या अनुभवातून निघणारा धडा महत्त्वाचा आहे. ९९.५४ टक्क्यांपैकी सुमारे दोन टक्के ज्या जमवणुकीतून येतात, ती सुमारे चाळीस हजार डावांतून एकदा पडते. ती पडेपर्यंत शहाणा खेळाडूही कागदावरील हिशेबापेक्षा अधिक वेगाने हरत असतो. 'ड्यूसेस वाइल्ड' नावाच्या खेळाच्या एका दरपत्रकात अचूक खेळणाऱ्याला १००.७६ टक्के परतावा होता, हेही खरे. जुगारगृहांनी तशी यंत्रे ठेवली, कारण बहुसंख्य खेळाडू चुका करतात आणि त्यांच्या चुकांतून मालकाचा नफा निघतो. म्हणजे मूठभर जाणत्यांची कमाई त्यांच्यासारख्याच अजाण खेळाडूंच्या खिशातून येत होती. पुढे त्या चुकांतून पुरेसे निघेनासे झाले, तसतशी ही यंत्रे एकेक करून उचलली गेली. अनुकूल दरपत्रक हा खेळाडूचा हक्क नव्हता. मालकाला परवडेल तोवर दिलेली ती सवलत होती.

महाराष्ट्रातील खेळाडूला तर तेवढीही शाश्वती नाही. नेवाडा राज्यात यंत्रातील पत्ते खऱ्या जोडाप्रमाणेच पडले पाहिजेत, असा नियम आहे. आपल्याकडे 'व्हिडिओ गेम पार्लर' या पाटीआड करमणुकीच्या नावाखाली जेथे पैशांचा खेळ चालतो, तेथे पडद्यावर काहीही भाव लिहिलेले असोत, आतली यंत्रणा काय पाळते हे खेळणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. ज्या दरपत्रकाचा दुसरा अर्धा भाग यंत्राच्या पोटात दडलेला आहे, त्याच्यावर गणित चालविणे व्यर्थ होय.

राज्यसंस्थेची भूमिकाही निर्मळ नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा हाती असताना १९६९ साली राज्याने स्वतःची लॉटरी सुरू केली. १९७६ साली कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांसाठी अधिनियम झाला. तो कधीही अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द करण्यात आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत भरलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के कर लावून केंद्राने त्या दरपत्रकात स्वतःचा रकाना आखून घेतला. नंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. बंदी स्वागतार्ह आहे. परंतु मोबाइलवरील रमी बंद झाल्याने सट्टापट्टी आपोआप बंद होत नाही, आणि पट्टी लिहिणाऱ्या बेकार तरुणावर खटला भरल्याने तिचा मालक उघडा पडत नाही.

जुगाराची सार्वजनिक चर्चा मात्र नेहमी व्यक्तीच्या वर्तनावरच अडते. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका चित्रफितीवरून झाला. आपण खेळत नव्हतो, असा खुलासा त्यांनी केला. महिनाअखेरीस त्यांचे कृषिखाते बदलून त्यांना क्रीडाखाते देण्यात आले आणि प्रकरणावर पडदा पडला. शेतकऱ्याला स्वतःलाच कोणत्या दरपत्रकावर डाव लावावा लागतो, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही.

तो प्रश्न या जिल्ह्यात तरी विचारलाच पाहिजे. यवतमाळची शेती बव्हंशी कोरडवाहू. मृगाच्या भरवशावर कर्ज काढून बी पेरणे हा येथील शेतकऱ्याचा वर्षातला मोठा डाव असतो, आणि त्याचेही दरपत्रक दुसराच कोणी लिहितो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल असा हमीभाव २८ मे २०२५ रोजी जाहीर झाला. ७,७१० हा ५,१४० रुपये उत्पादनखर्चाच्या बरोबर दीडपट असल्याचे सांगण्यात आले. परंतु त्या ५,१४० मध्ये प्रत्यक्ष खर्च आणि घरच्यांच्या श्रमाचे मोल तेवढे आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज त्यात धरलेले नाही. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीचा आधार घेऊन शेतकरी संघटना जो दीडपट भाव मागतात, तो या सर्व बाबी धरलेल्या खर्चाचा. २० मार्च २०१४ रोजी याच जिल्ह्यातील दाभडी येथे नरेंद्र मोदी यांनी शेतकऱ्यांशी संवाद साधला, तेव्हा खर्चावर पन्नास टक्के नफा देण्याची भाषा झाली होती. खर्चाच्या व्याख्येतून दोन कलमे गाळली की ते वचन कागदावर पाळता येते. 'फुल हाउस'चे ९ चे ८ करण्याचाच हा प्रकार होय.

एवढ्याने भागले नाही. पेरण्या आटोपून पीक शेतात उभे असताना, १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातकर माफ केला. ही माफी प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत होती, पुढे ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे नेमक्या वेचणीच्या व विक्रीच्या काळात परदेशी कापसाला दार मोकळे राहिले. डाव लागल्यावर भाव बदलण्याची मुभा मटक्याच्या मालकालाही नसते. तसे केल्यास त्याची पेढी दुसऱ्या दिवशी ओस पडेल. शेतकऱ्याला मात्र दुसरी पेढी नाही. ज्याचे वर्षभराचे श्रमच असे दुसऱ्याच्या दरपत्रकावर लागलेले असतात, त्याने संध्याकाळी दहा रुपयांचा आकडा लावला तर त्याला नीतीचे पाठ देण्याचा अधिकार कोणाला उरतो? दहाचे नव्वद करण्याची आशा त्याला बाजाराने दाखविली नाही, बँकेने दाखविली नाही. ती पट्टीवाल्याने दाखविली.

दरपत्रक सामुदायिक शक्तीने लिहिता येते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने व्यापाऱ्याला बाजूस सारून भाव ठरविण्याची सूत्रे सार्वजनिक संस्थेकडे दिली. प्रतवारीतील गैरव्यवहार आणि चुकाऱ्यांची दिरंगाई यांमुळे ती योजना बदनाम झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दोष कारभाराचे होते. शिक्षा मात्र तत्त्वाला झाली आणि नव्या शतकाच्या आरंभी एकाधिकार संपला. सुधारणा करण्याऐवजी शेतकऱ्याला पुन्हा पेढ्यापेढ्यांतून बरा भाव शोधत हिंडण्यास सोडून देण्यात आले.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. गावच्या बैठकीत जुगाराविरुद्ध प्रवचन करण्याऐवजी फळ्यावर खडूने नऊ, नव्वद आणि सहाशे हे भाव लिहून रुपयातील किती पैसे कोठे जातात ते दाखवावे. शेतमजुराला हा हिशेब पटकन समजतो, कारण त्यातील निम्मा तो रोजच करतो. त्याच फळ्यावर शेजारी ५,१४० आणि ७,७१० हे आकडे लिहून कोणती कलमे गाळली आहेत, ते विचारावे. सर्वंकष खर्चावर आधारलेला आणि कायद्याचे बळ असलेला हमीभाव, पेरणीपूर्वी मिळणारे संस्थात्मक कर्ज, हंगामाच्या मध्यात आयातधोरण न बदलण्याचे बंधन आणि पट्टी लिहिणाऱ्याऐवजी धंद्याच्या मालकावर कारवाई, या मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. त्यातल्या त्यात कमी लुबाडणारी पेढी शोधण्याची बुद्धी या जिल्ह्यातील माणसाकडे भरपूर आहे. ती बुद्धी दरपत्रक लिहिणाऱ्याकडे वळविणे, हे पक्षाचे काम आहे.