तारांखालचे हाड

नट म्हटले की मराठी माणसाला एक तर रंगभूमी आठवते, नाही तर बोल्टाचा जोडीदार. इलेक्ट्रिक गिटारच्या मानेच्या टोकाशी, खुंट्यांच्या अलीकडे, ज्या बारीक पट्टीच्या सहा खाचांतून तारा पुढे येतात तिलाही नटच म्हणतात. गिटारचे पैसे देणाऱ्या बापाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ती वाजवणाऱ्या मुलालाही ही पट्टी तडकेपर्यंत बहुधा तिचा पत्ता नसतो. लांबी बेचाळीस-त्रेचाळीस मिलिमीटर, जाडी तीन ते सहा मिलिमीटर. दुकानाच्या काचेतल्या झगमगाटात ती दिसतही नाही. सतारीवर हेच काम करणाऱ्या पट्टीला आपण अटी किंवा मेरू म्हणतो, आणि सतारिये तिच्याकडे निदान आदराने तरी पाहतात.

वास्तविक सारे वाद्य या पट्टीपासून मोजले जाते. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरवर (ती १९५४ साली बाजारात आली) नटपासून घोडीपर्यंतचे तारेचे मोजमाप ६४८ मिलिमीटर धरलेले असते आणि प्रत्येक फ्रेट, म्हणजे पडदा, कुठे बसवायचा हे त्याच आकड्यावरून ठरते. बारावा पडदा बरोबर मध्यावर, बाकीचे त्या हिशेबाने. सतारीचा पडदा सरकवून सूर सावरता येतो, गिटारचा पडदा लाकडात ठोकलेला असतो. त्यामुळे सुरुवातीचा बिंदू चुकला, तर पुढची सगळी बेरीज चुकते आणि ती दुरुस्त करायला वादकाच्या हातात काही उरत नाही. नेहमीच्या हलक्या जाडीच्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४५ किलो भरतो. तो सगळा काही नटवर येत नाही, खुंट्या आणि घोडी तो वाटून घेतात. परंतु तारांना जागेवर धरणे, खाली दाबून ठेवणे आणि मोकळ्या तारेचा सूर जिथून सुरू होतो ती कड होणे, ही तिन्ही कामे या चिमुकल्या पट्टीकडे आहेत.

आता मुद्द्याचे. आपल्याकडे घरोघरी माळ्यावर गिटारी पडलेल्या आहेत. हौसेने घेतलेल्या, तीन महिने वाजवलेल्या आणि मग 'याच्या बोटांत नाही' किंवा 'हिला सुराचे अंग नाही' असा निकाल लावून गुंडाळून ठेवलेल्या. माझे म्हणणे असे की, यांतल्या कितीतरी मुलांवर अन्याय झाला आहे. स्वस्त गिटारींच्या नटच्या खाचा कारखान्यात उथळच ठेवतात. कारण साधे आहे: खाच प्रमाणाबाहेर खोल गेली तर नट फुकट जातो, उथळ राहिली तर गिटार विकली जाते. खाच उथळ म्हणजे तार पहिल्या पडद्यापासून उंच. उंच तार दाबायला बोटांना दुप्पट जोर लागतो आणि दाबताना ती ताणली जाऊन सूर चढतो. मोकळी तार ट्यूनरवर अगदी बरोबर आणि कॉर्ड मात्र बेसूर, असा तो चमत्कार असतो. बिचारा विद्यार्थी एफ कॉर्डशी झटत बसतो, बोटांच्या टोकांना घट्टे पाडून घेतो आणि शेवटी स्वतःलाच दोष देतो. शिकवणारेही पुष्कळदा 'रियाज कर' एवढेच सांगतात. रियाजाने हाड झिजत नाही.

हे तपासायला कसलेही यंत्र लागत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये तार दाबावी आणि पहिल्या पडद्यावर तिच्याखाली किती फट राहते ते पाहावे. केसाएवढी फट असावी. पोस्टकार्ड सरकत असेल, तर नट उंच आहे. फटच नसेल, तर खाच खोल गेली आहे आणि मोकळी तार पडद्यावर खरखरणार. ही खरखर फक्त मोकळ्या तारेवर येत असेल, बोट ठेवताच नाहीशी होत असेल, तर दुसरीकडे कुठे शोधायचे कारण नाही. दोष नटचाच.

तडा जातो तो असाच, कधी एकदम तर कधी वर्षानुवर्षे. गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि घसरून पडली की नटचा कोपरा उडतो, बहुधा एका कडेच्या तारेखालचा. दुसरी तऱ्हा जास्त फसवी. बारीक तारांसाठी कापलेल्या खाचेत कोणीतरी जाड तार कोंबतो. ती पाचरीसारखी अडकते. खुंटी पिळताना 'टिंग' असा आवाज येतो, सूर एकदम उडी मारतो. आठवडेच्या आठवडे हा 'टिंग' ऐकू येत असतो आणि कोणी मनावर घेत नाही. स्वस्त नट आतून पोकळ प्लॅस्टिकचा असतो. एक दिवस खाचेच्या तळातून तडा जातो आणि तार खाली बसते.

यावर सध्याचा लोकप्रिय इलाज म्हणजे झटपट चिकटणारा गोंद आणि खायचा सोडा. यूट्यूबवर त्याची पारायणे चाललेली असतात. इलाज खोटा नाही. सोड्यावर तो गोंद पडला की क्षणात दगडासारखा घट्ट होतो आणि त्यात पुन्हा खाच कोरता येते. खाच नुसती खोल गेली असेल, तर मीही हाच मार्ग सुचवीन. सोड्याऐवजी हाडाची भुकटी मिळाली तर अधिक चांगले. पण तडा तळापर्यंत गेला असेल, तर ही मलमपट्टी आहे. तार तिथेच पाचर मारत राहणार आणि ऐन कार्यक्रमात दगा देणार. तुटलेले तुकडे मात्र गोंदाने जरूर जोडावेत, ते वापरण्यासाठी नव्हे तर मापासाठी. तारांमधली अंतरे त्या जुन्या पट्टीवर जशी लिहिलेली असतात, तशी दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

नवा नट कशाचा असावा यावर गिटारवाले रात्र रात्र वाद घालतात. कोणाला हाड हवे, कोणाला पितळ, कोणाला ग्रॅफाइट, तर कोणी कॅनडात बनलेल्या कृत्रिम हस्तिदंताची शपथ घेतो. हा वाद मला निम्मा फुकाचा वाटतो. तार दाबली की तिचे टोक पडद्यावर येते, नट त्या सुरातून बाजूला होतो. त्याचा गुण ऐकू येतो तो मोकळ्या तारांपुरता. खाच नीट कापलेले प्लॅस्टिक हे वाईट कापलेल्या हाडापेक्षा शतपटीने बरे. गुरा-म्हशीच्या हाडाची कोरी पट्टी काही शे रुपयांत मिळते. किंमत आहे ती कापणाऱ्या हाताची.

आणि ते कापणे म्हणजे काय? खाचेची रुंदी तारेपेक्षा किंचितच जास्त: सर्वांत बारीक तार पाव मिलिमीटरची, सर्वांत जाड एक मिलिमीटरच्या थोडी वर. प्रत्येकीला वेगळी कानस. (त्या कानशी परवडत नसतील तर गॅस वेल्डिंगच्या टॉर्चचे भोक साफ करायच्या सुयांवर काम भागवणारे कारागीर आहेत आणि त्यांचे काम पाहून कोणी नाक मुरडू नये.) खाचेचा तळ खुंट्यांच्या बाजूला उतरता हवा, म्हणजे तार पडद्यांकडच्या कडेवरून, एकाच स्वच्छ बिंदूवरून सुटते. तळ सपाट किंवा उलटा उतरला तर तार त्यावर घासत राहते आणि आवाजाला एक झणकार येतो. इंग्रजी बोलणारे कारागीर या दोषाला 'सतारीचा आवाज' म्हणतात.

इथे मराठी वाचकाने कान टवकारावेत. कारण तारेने हाडावर घासत सुटावे म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोडी घासण्यात हयात घालवलेली माणसे आहेत. त्यालाच आपण जवारी म्हणतो. जो त्यांचा दोष, तो आपल्या तानपुऱ्याचा प्राण. डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९६७ साली 'कोरल' नावाची इलेक्ट्रिक सतार काढली, तेव्हा तिला जाणूनबुजून रुंद, जवळपास सपाट घोडी बसवली होती ती याच झणकारासाठी. म्हणजे हाडाच्या पृष्ठभागावरून तार कशी सुटते याचे ज्ञान जगात ज्यांच्याकडे सर्वांत सूक्ष्म आहे, त्यांतले काही लोक मिरजेत बसलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांपासून तिथे हा धंदा रुजला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हस्तिदंत आणि हरणाचे शिंग वन्यजीव कायद्यामुळे हद्दपार झाल्यावर उंटाच्या हाडावर आणि कृत्रिम पदार्थांवर हात बसवलेली ही मंडळी आहेत. जो हात झणकार आणू शकतो, त्याला तो घालवणे का जमू नये? सहा कानशी आणि दोन-चार नमुन्याच्या गिटारी, एवढ्या भांडवलावर हे काम शिकता येईल. तानपुऱ्याची गिऱ्हाइके इलेक्ट्रॉनिक पेट्यांकडे वळत असताना पुण्या-मुंबईच्या हजारो गिटारी या गल्लीच्या दारात का येऊ नयेत, याचे उत्तर मला तरी सापडलेले नाही.

सध्याची तऱ्हा मात्र वेगळी आहे. तडकलेला नट घेऊन दुकानात जावे, तर काउंटरवरचा मुलगा नव्या गिटारीचा हप्ता किती पडेल ते सांगू लागतो. त्याला दुरुस्तीत कमिशन नाही. आणि दोन तास बसून हाड घासणाऱ्याने हजार-दीड हजार मागितले, तर बारा हजारांची गिटार बिनतक्रार घेणारे आपणच 'एवढ्याशा पट्टीला?' म्हणून घासाघीस करतो. मग कारागीर पुढच्या वेळी तयार प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून मोकळा होतो. त्याला दोष कसा द्यावा?

तेव्हा नट तडकला असेल, तर स्क्रू ड्रायव्हर घालून तो उचकटू नये. वार्निशसकट लाकडाचा टवका निघतो. कडेने धारदार पात्याने रेघ मारावी आणि लाकडी ठोकळा ठेवून बाजूने हलके ठोकावे. माळ्यावरची गिटार खाली काढावी, तुकडे काड्यापेटीत ठेवावेत आणि ज्या तारा पुढे लावायच्या आहेत त्याच जाडीच्या तारांचे नवे पाकीट बरोबर घेऊन कारागिराकडे जावे. तो आधी जाडी विचारील. न विचारता कापायला बसला, तर गिटार उचलून परत यावे.