शनिवार, साडेआठ आणि पुस्तक कुठलं?

शनिवार सकाळ, साडेआठ. तुमच्यासारख्या सुज्ञ माणसांची ही कूस बदलून पुन्हा झोपायची वेळ. आदल्या रात्रीचा रिलीज दीड वाजता संपलेला, डोळे चुरचुरतायत, आणि मी मात्र केस विंचरून, वर चांगला कुर्ता आणि खाली पायजमा अशा अवतारात लॅपटॉपसमोर बसलेय. कारण एकच, पारगाव!

आंबेगाव तालुक्यातलं पारगाव. मंचरहून पूर्वेला आत गेलं की लागतं. भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचं गाव, त्यामुळे नजर जाईल तिथे ऊस. तिथल्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना मी दर शनिवारी स्क्रीनवरून गोष्ट वाचून दाखवते. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून ही साडेआठची शिक्षा. ऑफिसातल्या मैत्रिणीने मला यात ओढलं. म्हणाली, ‘‘अगं, तुला वाचता येतं ना? मग झालं तर!’’

वाचता येतं हो. पण वाचायचं काय? खरी भानगड इथेच सुरू होते.

पहिल्या आठवड्यात मी आपलं सगळे करतात तेच केलं. ‘फ्री चिल्ड्रन्स बुक्स’ असा सर्च मारला. भोपळे आले, स्नोमॅन आले, पॅनकेक आले. एक पुस्तक आवडलं, तर तिसऱ्या पानावर ‘पुढे वाचायला कार्ड नंबर द्या’. शेवटी एका गोंडस बिबट्याची गोष्ट सापडली. सगळ्यांशी दोस्ती करणारा, फुलपाखरांमागे धावणारा बिबट्या. मी आवाज बदलबदलून वाचतेय आणि पलीकडे चिडीचूप. मला वाटलं, नेट गेलं! तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, ‘‘ताई, बिबट्या असा नसतो.’’

‘‘मग कसा असतो?’’

झालं! पुढची वीस मिनिटं वर्ग बोलत होता आणि मी ऐकत होते. कुणाचं वासरू नेलं, कुणाचा कुत्रा. अंधार पडल्यावर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, उसाच्या कडेने एकट्याने जायचं नाही. जुन्नर-आंबेगावच्या मुलांसाठी बिबट्या चित्रातला नाही, बांधावरचा आहे. मला मेलीला हे सुचलंच नव्हतं. त्या दिवशी कळलं, फुकट मिळालं म्हणून कुठलंही पुस्तक उघडायचं नसतं.

मग मात्र नीट कामाला लागले. मला सापडलेला खजिना तुमच्यासाठी :

स्टोरीवीव्हर : ‘प्रथम बुक्स’ने 2015 मध्ये सुरू केलेलं मोफत डिजिटल भांडार. मराठीतली भरपूर चित्रपुस्तकं. चार पातळ्या आहेत. पहिलीत अडीचशेपर्यंत शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत आणि चौथीत त्याहून मोठ्या गोष्टी. अर्ध्या तासाच्या सेशनला पहिली-दुसरी पातळी झकास. जादा मजा म्हणजे लायसन्स इतकं मोकळं आहे की लेखक-चित्रकाराचं नाव देऊन गोष्ट डाउनलोड करा, छापा, स्वतः भाषांतरही करा!

किशोर : बालभारतीचं मासिक, 1971 पासूनचं. जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. चौथीच्या पोरांना कोडी आणि छोट्या गोष्टी इथूनच.

अरविंद गुप्ता : पुण्यात ‘आयुका’मध्ये वर्षानुवर्षं मुलांसोबत रमलेले खेळणीवाले शास्त्रज्ञ, 2018 चे पद्मश्री. त्यांच्या वेबसाइटवर टाकाऊतून खेळणी तर आहेतच, शिवाय पुस्तकांचा ढीग आहे, मराठीसुद्धा.

साने गुरुजी : ते 1950 मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. म्हणजे 2011 पासून त्यांच्या गोष्टी सगळ्यांच्या झाल्या. वाक्यं लांब आहेत, आधी घरी एकदा वाचून बघा.

आणि एक स्पष्टच सांगते. मराठीतली कित्येक सुंदर पुस्तकं, उदाहरणार्थ माधुरी पुरंदरेंची, अशी फुकट फिरवायची नसतात. कुणीतरी स्कॅन करून ग्रुपवर टाकलेली पीडीएफ वापरू नका. दोन पिझ्झांच्या पैशांत चार पुस्तकं विकत येतात. ती सरळ शाळेला पाठवून द्या.

बाकी टिप्स छोट्याच. पुस्तक आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा, नेटचा भरवसा नाही. पूर्ण वर्ग एकाच स्क्रीनकडे बघतो, तेव्हा मोठं चित्र आणि कमी अक्षरं. पान उलटण्याची घाई नको. चित्रातली मुंगी पोरांना दिसते, आपल्याला नाही.

आता तिच्याबद्दल. पहिल्या बाकावर बसायची. आईबाबा ऊसतोड करणारे. दिवाळीनंतर कारखान्यावर आलेले, कोपीत राहणारे. ही मुलं शाळेत येतात तीच निम्म्या वर्षात आणि हंगाम संपला की जातात. ती फारशी बोलायची नाही, पण गोष्ट संपली की हळूच म्हणायची, ‘‘परत पहिल्यापासून.’’ मार्चमधल्या एका शनिवारी सर म्हणाले, ‘‘ताई, पट्टा पडला. दोन दिवसांत ही मंडळी गावी निघतील.’’ आमची लांबलेली गोष्ट अर्ध्यावर होती.

त्या दिवशी लायसन्स या रुक्ष शब्दाचा मला पहिल्यांदा अर्थ कळला. ऑफिसच्या कोपऱ्यावरच्या दुकानात सोळा पानं रंगीत छापली, स्टेपल केली आणि मंचरला जाणाऱ्या एका ओळखीच्यांच्या हाती त्याच संध्याकाळी धाडली. सोमवारी सरांचा मेसेज आला : ‘पुस्तक पोचलं. ट्रॅक्टरवर बसून वाचत गेली.’

माझ्या स्क्रीनवरची गोष्ट फार तर अर्धा तास तिची होती. ती सोळा पानं मात्र तिच्यासोबत गावी गेली. पुढच्या हंगामात ती पारगावलाच येईल की दुसऱ्याच कारखान्यावर, कुणास ठाऊक. मी पुढचं पुस्तक मात्र काढून ठेवलंय. छापूनच!

तर मंडळी, या शनिवारी साडेआठला काय करताय? कूस नंतर बदला. पायजमा चालतो!